ताईचं पथ्य, भाऊजींच्या पथ्यावर

आमचे भाऊजी, म्हणजे माझ्या थोरल्या बहिणीचे यजमान, वजनमापे खात्यात निरीक्षक होते. दुकानात शिरायचं, काउंटरवरचा काटा तपासायचा, वजनं उलटी करून बुडाचा शिक्का बघायचा, आणि दुकानदाराकडे अशी नजर टाकायची की त्या बापड्याला आपण जन्मतःच लबाड आहोत असं वाटू लागावं. हे काम त्यांनी निवृत्त होईपर्यंत केलं. कामात वाईट काही नाही, कुणीतरी ते करायलाच हवं. पण भाऊजी घरी येताना ती नजर ऑफिसात ठेवून येत नसत. त्यांना दूधवाला चोर दिसायचा, शिंपी चोर दिसायचा, मीटर वाचायला येणारा तर दरोडेखोरच. मी आणि माझा नवरा बेकरी चालवतो, तेव्हा आम्ही हवा विकणारे. "पाव म्हणजे काय? निम्मी हवा!" हे वाक्य त्यांनी माझ्या लग्नाच्या जेवणात माझ्या सासऱ्यांना ऐकवलं होतं, आणि त्यावर एकटेच हसले होते.

लाच मात्र त्यांनी कधी खाल्ली नाही. हे मला सांगायलाच हवं, कारण ते स्वतः रोज सांगत. लाच न खाणं हाही जणू एक पदार्थ होता आणि तो ते तिन्ही त्रिकाळ पानात वाढून घेत.

ताई चष्म्याच्या दुकानात काम करायची. पुढच्या दालनात मालक गिऱ्हाइकांना आरसे दाखवायचा आणि मागच्या खोलीत, खिडकीशी, भिंग डोळ्याला लावून ताई फ्रेमा जोडत बसायची. चष्म्याच्या दांडीत जो स्क्रू असतो तो तांदळाच्या कणीएवढा. तो चिमट्यात धरायचा, भोकात सोडायचा, बारीक पेचकसानं दोन वळसे द्यायचे. जास्त आवळला तर काच तडकते, कमी आवळला तर दांडी लुळी पडते. ताईच्या हाताला तो अंदाज होता. गिऱ्हाईक नाकावर चष्मा चढवून म्हणे, "अरे वा, घातलाय असं वाटतच नाही!" एवढंच तिला बक्षीस, आणि तेवढ्यावर ती दिवसभर खूश असायची.

भाऊजी निवृत्त झाले त्याच्या दुसऱ्या वर्षी ताईच्या बोटांनी दगा दिला. सकाळी उठली की मुठी मिटायच्या नाहीत. दोन्ही हातांची बोटं मुळाशी सुजलेली, मनगटं गरम. नळाची चावी सुद्धा तळहाताचा जोर लावून फिरवायची. दहा वाजत आले की बोटं जरा सैल पडायची, पण तोपर्यंत दुकानात स्क्रू खाली सांडत राहायचे आणि ताई गुडघ्यांवर बसून ते शोधत राहायची. मालक भला माणूस, काही बोलला नाही. शेवटी तीच डॉक्टरांकडे गेली. मी बरोबर होते.

डॉक्टरांनी रक्त तपासलं, हातांचे एक्स-रे फोटो काढले आणि नीट समजावून सांगितलं. हा संधिवातच, पण म्हातारपणाच्या झिजेचा नव्हे. शरीराची जी ताकद रोगजंतूंशी लढायला असते तीच आपल्या सांध्यांना परकं समजून त्यांच्यावर उलटलेली. ऱ्हुमॅटॉइड. आठवड्यातून एकदा घ्यायच्या गोळ्या दिल्या. "गुण यायला दोन-तीन महिने लागतात," ते म्हणाले. "मळमळेल. रक्त मधूनमधून तपासावं लागेल, कारण लिव्हरवर लक्ष ठेवायचं असतं. पण सोडू नका. हाड एकदा खाल्लं गेलं की परत येत नाही."

हे सगळं मी माझ्या कानांनी ऐकलं. ताईनंही ऐकलं. भाऊजी त्या दिवशी निवृत्तांच्या क्लबात पत्ते खेळत होते.

घरी आल्यावर त्यांनी गोळ्यांच्या खोक्यातला घडीचा कागद बाहेर काढला, चष्मा पुसला आणि आरोपपत्र वाचावं तसा तो जेवणाच्या टेबलावर मोठ्यानं वाचला. मळमळ. तोंडात फोड. केस गळणे. यकृत. प्रत्येक शब्दानंतर ते थांबून ताईकडे बघत.

"यात 'विष' एवढंच लिहायचं राहिलंय," ते म्हणाले.

"डॉक्टरांनी सांगितलंय ते सगळं," ताई म्हणाली. "म्हणून तर रक्त तपासतात."

"म्हणजे आधी विष घालायचं आणि मग किती चढलं ते मोजायचं. वा रे धंदा!"

एक वर्ष झालं होतं त्यांना घरी बसून. तपासायला काही उरलं नव्हतं. आता ताईचं दुखणं त्यांच्या हाती आयतं लागलं.

पहिले दोन महिने ताईनं गोळ्या नेमानं घेतल्या. गोळीच्या दुसऱ्या दिवशी पोटात ढवळायचं, आणि हात तसेच. तेवढ्या वेळात भाऊजींनी फोनवरच्या व्हिडिओंत एक माणूस शोधून काढला. पांढरा कोट, गोड आवाज, मागे भिंतीवर फळांचं चित्र. तो नक्की कशाचा डॉक्टर हे त्यानं कधी सांगितलं नाही. त्याचं म्हणणं असं की असल्या सगळ्या रोगांचं मूळ आतड्यात असतं. आतड्याला बारीक भोकं पडतात, अन्न तिथून रक्तात गळतं, आणि त्या गळतीमुळे शरीर बिथरतं. गळती! भाऊजींनी उभ्या आयुष्यात दुसरं काय शोधलं होतं? तेलाच्या डब्यातली गळती, पोत्यातली गळती, पंपावरची गळती. हा शब्द ऐकला आणि त्यांच्या अंगात बारा हत्तींचं बळ आलं.

"गोळ्या बंद," त्यांनी जाहीर केलं. "हा काट्याचा दोष नाही, मालाचा दोष आहे. माल सुधारायचा."

मी भांडले. ताईच्या घरी जाऊन, त्यांच्याच टेबलाशी बसून भांडले. डॉक्टर काय म्हणाले ते शब्दाला शब्द सांगितलं.

"तू पाव विकतेस," भाऊजी शांतपणे म्हणाले. "या विषयात तुझं मत मी धरू कसं?"

"मग तुम्ही काय विकता भाऊजी?"

"मी काहीच विकत नाही. म्हणूनच माझं ऐकायचं."

ताई मध्ये पडली. मला दाराशी नेऊन हळूच म्हणाली, "असू दे गं. मळमळून जीव नकोसा होतो माझा. थोडे दिवस बघू. आणि खरं सांगू का, इतक्या वर्षांत माझ्याकडे त्यांनी एवढं लक्ष पहिल्यांदाच दिलंय."

मी चपला घातल्या.

आधी उपास झाला. तीन दिवस नुसता भाज्यांचा रस आणि पाणी. मग गहू गेला, दूध गेलं, साखर गेली. त्यानंतर टोमॅटो, बटाटा, वांगं, मिरची, कारण फोनवरच्या माणसाच्या मते ती सगळी एकाच खानदानातली आणि खानदानच वाईट. मग डाळी गेल्या. अंडं गेलं. मीठ चिमटीवर आलं. ओट्यावर भाऊजींनी एक काटा आणून ठेवला, सोनाराकडे असतो तसा, काचेच्या पेटीतला. त्यावर ते उकडलेला भोपळा तोलायचे. भोपळा! मी एकदा बघत होते. फोड जरा जड भरली म्हणून त्यांनी सुरीनं तिचा कोपरा कापला, पुन्हा तोलली, आणि कोपरा स्वतःच्या तोंडात टाकला.

स्वतः ते सगळं खायचे, हे वेगळं सांगायला नको. त्यांच्या आतड्याला भोकं नव्हती.

माझ्या सरळ आत जाण्यावर तर बंदीच आली. बेकरीतून तशीच गेले की माझ्या कपड्यांवर पीठ असायचं. "पिठाचे कण हवेतून जातात," म्हणून भाऊजी मला दारात उभी करायचे आणि ब्रशनं झाडायचे. सख्ख्या बहिणीला भेटायला जाताना घोड्यासारखी खरारा करून घ्यायचे मी. माझा नवरा म्हणायचा, "तू जातेस तरी कशाला?" पण ताई होती ना तिथं.

आणि आता मला एक गोष्ट कबूल करावी लागते, जी तेव्हा मला पचली नाही. ताईला बरं वाटू लागलं. उपासाच्या तिसऱ्या दिवशीच सूज उतरली आणि पुढच्या आठवड्यांत हात आणखी मोकळे झाले. ती दुकानात परत स्क्रू बसवू लागली. मला भेटली तेव्हा दोन्ही हातांच्या मुठी मिटून दाखवल्या, आणि लहान मुलीसारखी हसली. मी तरी काय करणार? मीही हसले.

भाऊजी मात्र हसले नाहीत. ते फुगले. क्लबाच्या सभागृहात त्यांनी व्याख्यान ठरवलं. विषय, 'औषधाविना संधिवातमुक्ती'. फळ्यावर खडूनं आतडं काढलं, त्याला भोकं काढली. ज्यांना सांधेदुखी होती, जी म्हाताऱ्या माणसांना होणारच, ते सगळे क्लबवाले पुढच्या रांगांत बसले. शेवटी भाऊजींनी ताईला व्यासपीठावर बोलावलं.

"मूठ मिटून दाखव," ते म्हणाले.

ताईनं मूठ मिटली. टाळ्या पडल्या.

"दुसरी."

दुसरी मिटली. पुन्हा टाळ्या. ताईचं तोंड लाजेनं लाल झालं होतं, आणि भाऊजी तिच्या शेजारी असे उभे होते की जणू तो हात त्यांनीच घडवून तिला बसवून दिला होता.

मग त्यांना दिवस पुरेना. लोक घरी येऊ लागले. कुणाचा गुडघा, कुणाची कंबर, एका बाईंच्या अंगावर चट्टे. भाऊजी दिवाणखान्यात इस्त्रीचा शर्ट घालून बसायचे आणि समोरच्याला पहिला प्रश्न विचारायचे, "खरं सांगायचं. काय काय खाता?" तो सूर मला माहीत होता. दुकानदाराला विचारायचे तोच. समोरचा माणूस एखादं बिस्कीट कबूल करायचा, आणि भाऊजी डोळे मिटून मान हलवायचे, चोरी सापडल्याच्या समाधानात. ताई आतून उकळलेलं पाणी आणून द्यायची आणि सांगितलं की मूठ मिटून दाखवायची. ताईचं पथ्य असं भाऊजींच्या चांगलंच पथ्यावर पडलं होतं. ज्या माणसाला खात्यातून निरोप देताना सहकाऱ्यांनी एक भिंतीवरचं घड्याळ देऊन वाटेला लावलं होतं, त्याला आता अनोळखी माणसं 'साहेब' म्हणत होती.

हे सहा-सात महिने चाललं. ताई दिवसेंदिवस बारीक होत गेली. ब्लाउजच्या बाह्या लोंबायला लागल्या, गालाची हाडं वर आली, जिना चढताना मध्येच उभी राहायची. भाऊजी म्हणायचे, "शरीर शुद्ध होतंय." आणि मग बोटं पुन्हा सुजायला लागली.

आधी एक बोट. मग दोन. मग दोन्ही मनगटं, गुडघा, पाऊल. दुकानातलं काम पुन्हा सुटलं. दुसरा कुणी असता तर म्हणाला असता, अरे, आपलं काहीतरी चुकलं, चला डॉक्टरांकडे. भाऊजींच्या डोक्यात तसला विचार शिरायला फटच नव्हती. पथ्य बरोबर होतं. माप बरोबर होतं. मग दुखतंय कशानं? उत्तर त्यांच्याकडे नोकरीच्या पहिल्या दिवसापासून तयार होतं. कुणीतरी चोरी करतंय.

त्यांनी घराची झडती घेतली. ताईच्या पर्समधली रुमालाची घडी उलगडून त्यात पावाचे कण आहेत का बघितलं. कचऱ्याची बादली वर्तमानपत्रावर उपडी केली. ती बाहेरून आली की म्हणायचे, "तोंड उघड," आणि वास घ्यायचे. चष्म्याच्या दुकानात जाऊन मालकाला विचारून आले की ही इथं असताना चहात दूध घालायची का. त्या मालकानंच मला फोन केला. "तुमच्या बहिणीला मी बारा वर्षं ओळखतो हो," एवढंच तो दोनदा म्हणाला.

ताईनं काहीही खाल्लं नव्हतं. तिच्या तोंडून खोटं निघत नाही, हे मला लहानपणापासून ठाऊक आहे. आमच्या आईला तर ताईला रागवायलाच कधी मिळालं नाही, सगळी रागावणी माझ्या वाट्याला आली. आणि या माणसाला एवढ्या वर्षांच्या संसारात तेवढंही कळलं नव्हतं.

अशातच दुसरं व्याख्यान आलं. ताई नको म्हणत होती. भाऊजींनी पत्रकं वाटून ठेवली होती. मी मुद्दाम गेले, शेवटच्या रांगेत बसले. या वेळी गर्दी जास्त होती, काही लोक तर भिंतीला टेकून उभे होते. फळ्यावर तेच भोकांचं आतडं. शेवटी ताईला वर बोलावलं. तीन पायऱ्या चढायला तिला कठड्याचा आधार घ्यावा लागला.

"मूठ," भाऊजी म्हणाले.

ताईनं हात पुढे केला. बोटं अर्ध्यावर येऊन थांबली. तिनं दुसऱ्या हातानं ती दाबायचा प्रयत्न केला, पण तो हातही तसाच. सभागृहात कुणीतरी खोकलं.

मी भाऊजींकडे बघत होते. त्या क्षणी त्यांनी बायकोचा हात हातात घेतला असता, नुसतं "बस, राहू दे" म्हटलं असतं, तरी मी त्यांना बरंच काही माफ केलं असतं. त्यांनी माइक तोंडाशी नेला.

"मंडळी, हेही तुम्ही बघायला हवं," ते म्हणाले. "माप कधी चुकत नाही. माणूस चुकतो. घरात कुठंतरी गळती आहे, आणि मी ती शोधतोय." मग ताईकडे वळून, माइक न हटवता, "सांग सगळ्यांना. काय खाल्लंस?"

सगळं सभागृह ताईकडे बघत होतं. ती तशीच हात पुढे धरून उभी होती. मग तिनं हात खाली घेतला.

"मला भूक लागलीय," ती म्हणाली.

ती माइकपासून लांब होती, तरी शेवटच्या रांगेत मला स्वच्छ ऐकू आलं. भाऊजी हसल्यासारखं करून म्हणाले, "ते नंतर. आधी प्रश्नाचं उत्तर."

"हेच उत्तर आहे," ताई म्हणाली. "मला फार दिवस झाले भूक लागलीय."

आणि ती एकेक पायरी उतरली. मी तोपर्यंत पुढे पोचले होते. तिनं माझा दंड धरला आणि म्हणाली, "चल." मागे भाऊजी माइकमधून प्रश्नोत्तरं सुरू करत होते.

बेकरी जवळच होती. माझ्या नवऱ्यानं तिला बघितलं आणि काही न विचारता ट्रेमधला ताजा पाव आणि लोण्याची वाटी पुढे ठेवली. ताई पिठाच्या पोत्यावर बसली. पाव हातात घेतला आणि तसाच धरून राहिली.

"खा ना," मी म्हटलं.

"मला तोडता येत नाही गं."

मी तोडून, लोणी लावून, तिच्या तोंडात घास घातला. ती खात होती आणि तिच्या डोळ्यांतून घळाघळा पाणी वाहत होतं. माझा नवरा भट्टीकडे तोंड करून उभा राहिला, तिथं त्याचं काही काम नव्हतं तरी.

दुसऱ्या दिवशी आम्ही डॉक्टरांकडे गेलो. त्यांनी हातांचे नवे फोटो जुन्या फोटोंच्या शेजारी उजेडात लावले. दोन सांध्यांच्या कडा कुरतडल्यासारख्या दिसत होत्या.

"हे आता भरून येणार नाही," ते म्हणाले. "पुढचं थांबवू शकतो."

मी न राहवून विचारलं, "पण डॉक्टर, मधे तिला बरं कसं वाटलं होतं?"

"दोन महिने गोळ्या घेतल्या होत्या ना? त्यांचा गुण यायची वेळ झाली तेव्हाच तुम्ही त्या बंद केल्यात. तो गुण काही आठवडे टिकला. उपासानंही सूज काही दिवस उतरते, ते खोटं नाही. पण माणूस जेवायला लागला की परत येते. आणि पुढचे महिने म्हणाल, तर हा रोग आपल्या मर्जीनंही चढतो-उतरतो." त्यांनी पेन खाली ठेवलं. "जो त्या वेळी शेजारी उभा असतो त्याला वाटतं, आपणच केलं."

त्यांनी गोळ्या पुन्हा सुरू केल्या, मळमळीवर जोडीला दुसरी गोळी दिली, सूज आवरेपर्यंत थोडे दिवस स्टेरॉइड दिलं, आणि आम्हांला खालच्या मजल्यावर आहारतज्ज्ञ बाईंकडे पाठवलं. बाई पन्नाशीच्या, सर्दीनं हैराण, टेबलावर रुमालांचा ढीग. ताईनं खुर्चीत बसताबसताच विचारलं, "मग मी आता काय काय सोडू?"

"काय काय राहिलंय?" बाईंनी विचारलं.

ताई सांगू लागली. यादी फार लवकर संपली. बाईंनी नाक शिंकरलं आणि तिच्या दंडाच्या हाडाकडे बघितलं.

"आपण उलटं करू," त्या म्हणाल्या. "काय धरायचं ते मी सांगते. आधी पोटभर जेवायचं. तुमचा स्नायू गेलाय, सांध्याला आधार कोण देणार? डाळी, अंडी, मासे खात असाल तर मासे, त्यातलं तेल सुजेला थोडंफार बरं असतं. सगळ्या रंगांच्या भाज्या, फळं, मूठभर अक्रोड. दूध, दही हाडांसाठी हवंच, स्टेरॉइड चालू आहे तोवर तर नक्कीच. साखर आणि तळलेलं बेतानं, ते सगळ्यांनाच सांगते मी. एखादी गोष्ट खाल्ली की दरवेळी दुखतं असं तुम्हांला स्वतःला जाणवलं, तर तेवढी एकच थोडे दिवस थांबवायची, मग परत खाऊन बघायची, आणि मला सांगायचं. पण हे सगळं गोळ्यांच्या जोडीला. गोळ्यांच्या जागी काहीही नाही."

"आणि टोमॅटो?" ताईनं घाबरत विचारलं.

"आवडतात?"

ताईनं मान डोलावली.

ती माझ्याकडे राहिली. पहिला महिना कठीण गेला, दुसरा जरा बरा, तिसऱ्यात तिनं स्वतः पाव तोडला. त्या काळात भाऊजी एकदाच आले. बेकरीच्या बाहेर, उंबरठ्यापासून हातभर लांब उभे राहिले. मला वाटलं, माफी मागायला आलेत. अशी आशा मला कशी वाटली, देव जाणे.

"मला ती काही आत्ताच परत यायला नको," ते म्हणाले. "मला फक्त खरं कळायला हवं. तू तिच्या जवळची. तिनं तेव्हा नेमकं काय खाल्लं होतं?"

"बोलणी खाल्ली," मी म्हटलं. "पोटभर. तेवढंच मिळत होतं तिथं."

त्यांना खरंच कळलं नाही. मग ओठ मुडपून निघून गेले, आणि क्लबात सांगितलं की बायकोनं गुण यायच्या ऐन वेळी पथ्य मोडलं, बेकरीवाल्या बहिणीच्या नादानं.

ताई परत गेली. यावर मी तिच्याशी चार दिवस बोलले नाही. ती म्हणाली, "घर माझंही आहे. मी का सोडू?" आणि नंतर म्हणाली, "त्यांना भीती वाटते गं. घरी बसल्यापासून त्यांना कुणी विचारत नाही."

भीती मलाही वाटते, पण म्हणून मी दुसऱ्याचं खाणं तोलत बसत नाही. ताईला कीव येते, ताईला येऊ दे. मला येत नाही. मात्र ती परत गेली ती स्वतःच्या अटींवर. स्वयंपाक तिचा, ताट तिचं, गोळीचा वार तिचा. पहिल्याच दिवशी भाऊजी सवयीनं तिच्या ताटात डोकावले तेव्हा ती म्हणाली, "अहो, तुमचं गार होतंय." पुन्हा ते डोकावले नाहीत. आता दोघं एका टेबलावर बसून दोन वर्तमानपत्रं वाचतात.

दुकानात ती आठवड्यातून काही दिवस जाते. बारीक स्क्रू आता तिच्यानं होत नाहीत. ती पुढच्या दालनात बसून गिऱ्हाइकाच्या कानामागे दांडी नीट टेकते की नाही ते बघते.

गेल्या महिन्यात मी तिच्याकडे गेले होते. ब्रशबिश काही नाही, सरळ स्वयंपाकघरात. भाऊजी दिवाणखान्यात इस्त्रीच्या शर्टात बसलेले. कुणीतरी येणार होतं, अजूनही एखाददुसरं येतं. बेल वाजली. ताई उठली आणि दार उघडून बाहेर गेली, आपल्यामागे दार ओढून घेतलं. मी जिन्याकडच्या खिडकीतून बघितलं. तिशीतली एक मुलगी होती, दोन्ही हात पोटाशी धरलेले, आपली बोटं कुणाला लागू नयेत तसे. शेजारी तिची आई असावी.

"साहेब इथंच राहतात ना?" आईनं विचारलं. "सांधेदुखीवर पथ्य देतात ते?"

ताईनं त्या मुलीचे हात हातात घेतले, फार हळू. बोटांची मुळं चाचपून बघितली.

"सकाळी जास्त?" तिनं विचारलं.

मुलीनं मान डोलावली.

ताईनं आपला उजवा हात तिच्यासमोर धरला. दोन बोटं बाहेरच्या बाजूला कललेली आहेत तिची, ती आता तशीच राहायची. मग तिनं त्यांना डॉक्टरांचं नाव, रस्ता, इमारत, कुठला मजला, सगळं सांगितलं, आईकडून ते एकदा म्हणवूनही घेतलं. "आधी तिकडं जा," ती म्हणाली. "आजच. आणि जाताना हिला काहीतरी खायला घाला, चेहरा बघा हिचा."

दोघी जिना उतरल्या. ताई आत आली.

"कोण होतं?" भाऊजींनी खुर्चीतून विचारलं.

"पत्ता चुकला होता त्यांचा," ताई म्हणाली आणि चहा टाकायला माझ्याकडे आत आली.